उणे साठ टक्के, पण कशाचे?

आम्ही बारामती आणि इंदापूर तालुक्यांतले शिक्षक, पालक आणि गणिताशी जुनं भांडण मिटवायला निघालेले काही जण. पाचवी ते आठवीचं गणित आजपासून आम्ही अंगावर घेत आहोत.

चौथीपर्यंत पोरं मोजतात. पुढे अपूर्णांक, ऋण संख्या, शेकडेवारी आणि मग समीकरणं येतात. इथून आकडा एकटा राहत नाही, तो कशाचा तरी असतो. हे सांगायचं सोडून वर्गात सूत्र पाठ करून घेतलं जातं. म्हणून आमचा पहिला ठराव : 'कशाचा?' असं विचारल्याशिवाय एकही उदाहरण सोडवायला घ्यायचं नाही.

भीमेवरच्या उजनी धरणाचंच घ्या. २०२४च्या उन्हाळ्यात धरण उणे साठ टक्क्यांच्या घरात गेलं. पळसदेवचं पाण्याखालचं देऊळ उघडं पडलं. बातमी घरोघरी वाचली गेली, पण रिकाम्या धरणाच्याही खाली पाणी जातं कसं, हे किती वर्गांत विचारलं गेलं? उजनीत मृत साठा ६३ टीएमसीहून (अब्ज घनफुटांहून) थोडा जास्त, त्यावर उपयुक्त साठा ५३ टीएमसीहून थोडा जास्त. शून्य मांडलंय ते मृत साठ्याच्या माथ्यावर, तळाला नव्हे. आणि साठ टक्के आहेत ते उपयुक्त साठ्याचे. म्हणजे शून्याखाली सुमारे ३२ टीएमसी उपसलं गेलं, तरी धरणात ३१ टीएमसीच्या वर पाणी होतंच. शून्य कुठे मांडायचं हे माणसं ठरवतात, ही गोष्ट सहावीच्या मुलाला संख्यारेषेवर कळायला हवी. भीमेकाठच्या मुलाला ती कळत नसेल, तर दोष मुलाचा नाही.

उसाच्या बिलाचंही तेच. २०२५-२६च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा किमान दर, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये, पुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे. उतारा ११.२५ निघाला तर टनाला ३,८९६ रुपये होतात. त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाता हातात काय पडेल, हा हिशेब सातवीच्या पोरीने घरात मांडावा. काही वडीलधाऱ्यांना हे रुचणार नाही. न रुचो.

गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट. तो शाळेच्या मैदानावर फक्कीने आखायचा. क्षेत्रफळाचा पहिला तास तिथेच.

आता चुकांबद्दल. दोन तृतीयांश अधिक एक चतुर्थांश बरोबर तीन सप्तमांश, असं लिहिणारी मुलगी आजवर ओरडा खात आली. खरं तर तिने दुसऱ्याच प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलंय : आधी तीन सामन्यांतले दोन जिंकले, नंतर चारांतला एक, एकूण सातांतले तीन. तिथे सामने एकत्र मोजायचे असतात. बेरजेत मात्र दोन्ही अपूर्णांक एकाच भाकरीचे, म्हणून तिचे बारा तुकडे करावे लागतात आणि उत्तर अकरा बारांश येतं. हे तिच्याशी बोलूनच कळतं, लाल रेघ मारून नव्हे. आमच्या वर्गात चुकीचं उत्तर कुठून आलं हे सापडेपर्यंत फळ्यावरून पुसलं जाणार नाही. 'तुझ्या डोक्यात शिरायचं नाही' हे वाक्य आम्ही आजपासून बंद करतो, घरातसुद्धा.

सगळ्यात अवघड काम ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवरचं, म्हणजे झोपड्यांवरचं आहे. गाळप सुरू झालं की मराठवाड्यातून तोडणीच्या टोळ्या येतात, सोबत शाळकरी पोरं. गावाकडे अपूर्णांकाचा धडा सुरू होतो तेव्हा ती इथे, आणि इथल्या वर्गात तो शिकवून झालेला. परत जातात तेव्हा तिथलाही संपलेला. वर्षामागून वर्ष असंच. कागदोपत्री प्रवेश देऊन हे सुटणार नाही. मूल आलं की धडा कुठे सुटला ते विचारायचं आणि तिथूनच सुरू करायचं, मग वर्गाचं पुस्तक कितीही पुढे गेलेलं असो. त्यासाठी रोज संध्याकाळी कोपीवर तासभर बसणारी माणसं लागतील. कॉलेजची पोरं, निवृत्त गुरुजी, कुणीही चालेल.

क्लासवाल्यांशी वैर नाही. शिष्यवृत्तीच्या सरावालाही विरोध नाही, फक्त गुणवत्ता यादी म्हणजे गणित, हे आम्ही मान्य करत नाही.

चळवळीला वर्गणी नाही, पदाधिकारी नाहीत. यायचं असेल त्याने मागच्या हंगामाचं एक ऊसबिल घेऊन यावं, नाव झाकून. पाठ्यपुस्तक मुलांकडे आहेच.