गळवाल्याला दंड, आणि तळ्यात पंप धुणाऱ्याला काय?

आज पिकावर नाही, तळ्यावर लिहितोय.

येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आमच्याकडं एक ठराव येणार आहे. पाझर तलावाच्या काठावर बसून कुणी गळ टाकला तर ५०० रुपये दंड आणि काठी-तंगूस जप्त. अर्ज मासेमारीच्या ठेकेदाराचा आहे, पण मान डोलवायला आमच्यातलेच बागायतदार पुढं आहेत. माझा या ठरावाला विरोध आहे. सभेत बोलायला दोन मिनिटं मिळतील न मिळतील, म्हणून इथं सविस्तर लिहितो. असे ठराव तुमच्याही गावात येतील, तेव्हा उपयोगी पडेल.

पहिला प्रश्न, तळं कुणाचं?

आमचा तलाव १९७२ च्या दुष्काळातला. खायला दाणा नव्हता तेव्हा गावातल्या बायाबापड्यांनी माती वाहून, खडी फोडून हा बंधारा उभा केला. सुकडी खाऊन काम केलेली माणसं अजून जिवंत आहेत. महाराष्ट्रातले कितीतरी पाझर तलाव असेच झाले. कागदोपत्री १०० हेक्टरपर्यंत सिंचनाचे तलाव जिल्हा परिषदेकडं असतात. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतीकडं द्यायचे जे २९ विषय आहेत, त्यात मत्स्यव्यवसाय सरळ नावानं लिहिलाय. म्हणजे मालक शासन, राखणदार गाव, आणि ठेकेदार मुदतीचा पाहुणा. त्याला मासेमारीचा हक्क मिळतो, हे मान्य. पण पाहुण्यानं घरच्यांना ओसरीवर बसायला दंड लावायचा, हे कुठल्या न्यायात बसतं?

आणि गळ टाकणारे कोण आहेत ते बघा. ज्यांचा सातबारा नाही, ज्यांची मोटर या पाण्यात नाही, ज्यांना या तळ्यातून एक बादलीचाही हिस्सा नाही, ती माणसं. आपण पाइपलाइन टाकून ऊस भिजवतो. त्यांच्या वाट्याला या तळ्यातनं येतं ते आठवड्यातनं एकदा कालवणापुरतं. तेवढंही आपल्या डोळ्यात खुपायला लागलं का?

दुसरा प्रश्न, गळाला लागतं काय?

ठेकेदार म्हणतो, मी बोटुकली सोडतो, हे लोक माझा माल चोरतात. त्याचा खर्च खरा आहे, ते नाकारत नाही. कटला, रोहू, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून बीज दरवेळी विकत आणून सोडावं लागतं. पण कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरातलं बारीक जीवजंतू गाळून खातो. गांडूळ लावलेल्या गळाकडं तो सहसा बघत नाही. रोहू मधल्या थरात, मृगळ तळाला. हे दोघं कणकेच्या गोळीला कधीमधी लागतात, तेही खरं आहे.

पण गांडूळ लावून काठावर बसणाऱ्याच्या पिशवीत बघा. मरळ, शिंगी, वाम, चिलापी, एखादा खेकडा. यातलं एकही ठेकेदारानं सोडलेलं नाही. मरळ, शिंगी, वाम ओढ्यानं आपसूक आलेली, तळं भरल्यापासूनची. चिलापी बाहेरची, पण एकदा शिरली की तिला बीज लागत नाही, आपोआप वाढते आणि गर्दी करून कार्प माशांचं खाणं खाते. मरळ तर मांसाहारी. ठेकेदाराची महागाची बोटुकली गिळणारा मासा तोच. म्हणजे गळवाला पोरगा मरळ आणि चिलापी काढतो तेव्हा ठेकेदाराचं नुकसान होतं का फायदा, हे कृषी आणि मत्स्य खात्यातल्या मित्रांनीच सांगावं. मला तर ही फुकटची निंदणी दिसते. तण काढणाऱ्यालाच दंड!

तिसरा प्रश्न, तळ्यातला मासा खरा मारतो कोण?

इथं आपल्याच लोकांना बोलणार आहे, राग धरू नका.

एक, फवारणीचा पंप. संध्याकाळी फवारून आलं की टाकी, बादली, रिकामी बाटली सगळं तळ्याच्या सांडव्याशी धुवायचं. सायपरमेथ्रिनसारखं औषध माणसाला एवढं झोंबत नाही, पण माशाला फार थोड्या मात्रेत जीवघेणं आहे. डब्यावरच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, तलाव-ओढ्यात सांडू नका. वाचतो कोण? एका टाकीच्या धुवणानं काठची जेवढी पिल्लं मरतात, तेवढी दहा गळांना वर्षात लागणार नाहीत.

दोन, आपल्या मोटारी. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी तळाला गेलं तरी फुटबॉल चिखलात घालून उपसा चालूच. गुडघाभर गरम पाण्यात मासा जगणार कसा? रात्रभर शेवाळ प्राणवायू ओढतं, पहाटे तो सगळ्यात कमी होतो, आणि मासे पाण्यावर तोंड काढून हापापतात. हे पहाटे कोण बघतं? काठावर बसलेला गळवालाच. तळ्यात काही बिघडलं तर पहिली खबर त्याच्याकडनं मिळते. आपण तो फुकटचा राखणदारच हाकलायला निघालोय.

तीन, सुरुंग, ब्लीचिंग पावडर आणि करंट. आकडा टाकून पाण्यात वायर सोडणारे रात्री येतात, त्यांच्यापुढं कुणी ब्र काढत नाही. सुरुंग लावून किंवा विष टाकून मासे मारायला १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे. म्हणजे सव्वाशे वर्षं होऊन गेली. ठरावात यांच्यासाठी एक ओळ नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

चार, बारीक आसाचं जाळं. ठेक्याची मुदत संपत आली की तळ खरवडून काढतात. मरळीची, वामेची पिल्लंसुद्धा सुटत नाहीत. गळाला एका वेळी एक मासा लागतो. जाळं विचारत नाही लहान का मोठा.

आता गळवाल्यांच्या बाजूनं सगळंच साफ आहे असं मी म्हणत नाही. बाटल्या फोडून ठेवतात, अनवाणी गडी-बायांचे पाय कापतात. तुटलेलं तंगूस बाभळीवर लोंबतं, त्यात बगळे आणि पाणकोंबड्या अडकून मरतात. भरावावरनं चढ-उतार करून पिचिंगचे दगड ढासळतात. पोरं ट्रकच्या ट्यूबवर बसून मधल्या खोल पाण्यात जातात, खाली बुडालेल्या बाभळी आहेत, काटा लागला की ट्यूब बसते आणि अंगात साधं जॅकेट नसतं. शहरातनं गाडीवर प्लॅस्टिकची होडी बांधून येणारे हौशीही आता दिसायला लागलेत. या सगळ्याला नियम पाहिजे. पण नियम वेगळा आणि बंदी वेगळी. बांधावर गवत माजलं म्हणून कुणी शेत पडीक टाकत नाही.

म्हणून बंदीच्या ठरावाच्या जागी मी हा ठराव मांडणार आहे:

१. गावातल्या रहिवाशाला काठावरनं एक काठी, एक गळ, घरच्या खाण्यापुरतं, फुकट. विकायचं नाही.
२. रोहू, मृगळ, कटला लागला तर जागेवर सोडायचा. त्यावर ठेकेदाराचाच हक्क.
३. जून-जुलैत गळ बंद. मरळीची लालसर पिल्लं घोळक्यानं पाण्यावर फिरतात आणि आईबाप खाली राखण करतात, तेव्हा त्यांना गळ लावणं म्हणजे अख्खा घोळका मारणं. समुद्रात १ जून ते ३१ जुलै बंदी असतेच, तळ्यानं काय पाप केलंय? हीच बंदी ठेकेदाराच्या जाळ्यालाही.
४. ट्यूब किंवा होडी जॅकेटशिवाय नाही, पोहता न येणाऱ्याला अजिबात नाही. बाहेरच्या हौशी माणसाला पंचायतीची पावती.
५. भरावावर बसायचं नाही. तंगूस आणि बाटली परत न्यायची. दंड लावायचाच तर इथं लावा.
६. तळ्यात पंप धुणारा, करंट लावणारा आणि औषध टाकणारा यांना दंड गळवाल्याच्या दहापट, मग तो कितीही मोठा बागायतदार असो.
७. मृत साठ्याच्या खाली मोटर बंद.

ठेक्याच्या करारनाम्याची प्रत मी माहिती अधिकारात मागितली आहे. त्यात काठावरच्या गळाबद्दल काय लिहिलंय ते सगळ्यांसमोर वाचू. आडवं काही लिहिलं असेल, तर पुढच्या करारात गावाची अट घालून घ्या म्हणून जिल्हा परिषदेकडं ठराव पाठवू. ठेकेदाराशी आपलं वैर नाही. त्याच्या बीजाचं राखण आपण करू, त्यानं आपल्या माणसांना चोर म्हणायचं बंद करावं.

बागायतदार मित्रांना शेवटचं एकच विचारतो. आज काठावरचा माणूस हटवायला तुम्ही हात वर करणार. उद्या हेच तळं कुणी पर्यटनाला, सौर प्रकल्पाला नाहीतर कारखान्याच्या पाण्याला मागितलं, आणि तुमची मोटर उचला म्हणाला, तर तुमच्या बाजूनं हात वर करायला काठावर कोण उरलेलं असेल?

१५ तारखेला झेंडावंदन झालं की घरी पळू नका. सभेला थांबा. बायकांनाही आणा, मातीच्या पाट्या त्यांच्याच आया-सासवांनी वाहिल्यात.