वाटी कोणाची, डाळ किती?

"रोज एक वाटी डाळ खा" हा सल्ला दवाखान्यात मिळतो, अंगणवाडीत मिळतो, भिंतीवरच्या तक्त्यातही असतो. आमच्या मते तो अर्धवट आहे. वाटी कच्च्या डाळीची की शिजलेल्या वरणाची, हे कोणी सांगत नाही. वाटी केवढी, हेही नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या आहार-मार्गदर्शनात मोठ्या माणसासाठी डाळ-कडधान्ये, अंडी, मांस-मासे मिळून दिवसाला ८५ ग्रॅम सांगितले आहेत. हे वजन कच्च्या जिनसाचे आहे. ज्या दिवशी घरात अंडी नाहीत, सुकट-बोंबील नाही, त्या दिवशी हे सगळे डाळीतूनच यायला हवे. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो. डाळ बहुधा विकतच आणावी लागते आणि म्हणून तिच्यावरच हात आखडतो.

आता आपल्या चुलीपाशी या. आमटीच्या साध्या वाटीत दीडशे मिलिलिटर पाणी मावते. तीच वाटी तुरीच्या कोरड्या डाळीने सपाट भरली तर साधारण १२५ ग्रॅम, म्हणजे अदपाव डाळ होते. मसूर, मूग, हरभरा यांतही फार फरक पडत नाही. बेसन मात्र हलके. तेवढ्याच वाटीत ते साठ-सत्तर ग्रॅमच्या आसपास बसते.

पाच माणसांच्या घरात एवढी एक वाटी डाळ शिजवून, पाणी वाढवून, दोन वेळा पुरवली जाते. प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाची २५ ग्रॅम डाळ आली. तुरीच्या १०० ग्रॅम डाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात, तेव्हा २५ ग्रॅमला साडेपाच. एका अंड्यात सहाच्या आसपास असतात. ताटात मात्र सकाळ-संध्याकाळ वाटी भरलेली दिसते आणि घरची बाई दवाखान्यात खरेच सांगते, "डाळ रोज करते हो." समोरचा मान हलवतो, गोळ्या लिहून देतो. त्याने विचारायला हवे की पातेल्यात कोरडी डाळ किती टाकता आणि जेवणारे किती. गरोदर मुलीच्या, वाढत्या पोरांच्या बाबतीत तर हा प्रश्न सुटताच कामा नये.

मोडाचेही तसेच. १०० ग्रॅम मटकी भिजून मोड आले की दुपटीच्या वर भरते. वाढलेले वजन पाण्याचे असते. बाजारातली पावशेर मोडाची मटकी म्हणजे पावशेर कडधान्य नव्हे, हे भाव करताना ध्यानात ठेवा.

माप कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. गावात बलुते धान्यात मिळे. शीग लावायची की हात फिरवून सपाट करायचे, ते देणारा ठरवी. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे बिल मांडले, त्यात धान्याच्या बलुत्याऐवजी रोख मोबदल्याचा मुद्दा होता. आज गल्लीच्या दुकानात दहा रुपयांची डाळीची पुडी मिळते. तिचे वजन विचारायला आपण का लाजावे? शंभर ग्रॅमचा भाव काढून किलोच्या भावाशी ताडून पाहा.

घरी काटा नसला तरी वाटीचे वजन कळते. वजन छापलेले अर्ध्या किलोचे पाकीट आणा. फोडून रोजच्या वाटीने सपाट मोजत डब्यात ओता. चार वाट्या झाल्या तर वाटी अदपावाची. पाच झाल्या तर १०० ग्रॅमची. वाटीला खूण करा आणि तीच डाळीच्या डब्यात ठेवा. चार मोठ्या माणसांना ३४० ग्रॅम, म्हणजे अदपावाची वाटी असेल तर दिवसभरात पावणेतीन वाट्या. एकदम जमणार नाही हे आम्हालाही दिसते. एकीच्या दीड झाल्या तरी फरक पडतो. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावे.

विहाराच्या वर्गणीतून एक साधा काटा घ्यावा, असे आम्ही महिला मंडळांना सुचवतो. रविवारी वंदनेला येताना प्रत्येकीने आपली वाटी आणावी.