नवे स्वयंपाकघर : आधी काय घ्यावे, पैसे कसे द्यावेत?

माहूरहून एका भगिनीचे पत्र आले आहे. एकत्र घर अपुरे पडू लागले म्हणून पती-पत्नी दोन मुलांसह दोन खोल्यांच्या नव्या घरात राहायला आले. पती यात्रेकरूंची जीप चालवतात. दुकानदार म्हणतो, फ्रिज, मिक्सर, इंडक्शन शेगडी आणि वॉशिंग मशीन एकदमच न्या, शून्य टक्के व्याज, महिन्याला पाच हजारांचा हप्ता. सासूबाई म्हणतात, फ्रिज तर सुनेच्या माहेरूनच यायला हवा. ‘आधी काय घ्यावे आणि पैसे कसे द्यावेत?’ असा भगिनीचा प्रश्न आहे. तो अनेक घरांचा आहे, म्हणून या महिन्याचे सदर त्यालाच देत आहोत.

यादी घरात करा

यादी दुकानात उभे राहून करू नका. घरी, शेगडीपाशी बसून करा आणि जी रोज रांधते तिला ती करू द्या. ज्या कामाने रोज हात दुखतात, त्याचे यंत्र आधी घ्यावे. आपल्याकडे आले-लसूण, ओला मसाला, चटणी यांचे वाटण रोज लागते आणि रमजानात सहेरीच्या घाईत तर वेळच नसतो. म्हणून मिक्सर पहिला. ५०० वॉटचा मिक्सर रोज पाव तास चालवला, तरी महिन्याला चार युनिटही लागत नाहीत.

त्यानंतर फ्रिज. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दूध आणि सालन रात्रीपर्यंत टिकत नाही, म्हणून तो चैनीचा नव्हे. पण चौघांच्या घराला १८० ते २०० लिटरचा एका दाराचा फ्रिज पुरतो. बकरी ईदचे गोश्त मावावे म्हणून ३०० लिटरचा घेणे म्हणजे एका ईदसाठी वर्षभर बिल भरणे. त्या गोश्तात नातलगांचा आणि गरिबांचाही वाटा असतो. तो वेळेवर पोहोचवला की फ्रिजमध्ये जागा आपोआप होते.

इंडक्शनची घाई नको. त्यावर ॲल्युमिनियमचे पातेले तापत नाही, मातीचा तवा चालत नाही आणि ज्वारीची भाकरी आचेवर शेकता येत नाही. २००० वॉटची शेगडी पूर्ण क्षमतेने तासभर चालली तर दोन युनिट जातात. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटच्या पुढच्या टप्प्याचा दर जास्त असतो, हेही लक्षात ठेवा. गॅस संपला तर सोय म्हणून ती पुढे घेता येईल. वॉशिंग मशीनचे ठरवण्याआधी नळाला पाणी कधी आणि किती येते ते पाहा.

लेबल वाचा, मेकॅनिक विचारा

फ्रिजवर ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारांकित लेबल असते. नुसते तारे मोजू नका. त्यावर वर्षाला किती युनिट लागतील ते छापलेले असते. एका फ्रिजवर २०० आणि दुसऱ्यावर १४० असेल, तर वर्षाला ६० युनिटचा फरक पडेल. त्याला आपल्या बिलातील दराने गुणा, म्हणजे महागडा फ्रिज किती वर्षांत परवडतो ते कळेल. लेबलवरचा कालावधीही पाहा. निकष वेळोवेळी कडक होतात, त्यामुळे जुन्या लेबलवरचे पाच तारे आजच्या पाच ताऱ्यांइतके नसतात.

माहूरपासून नांदेड सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणून दुकानात विचारा, बिघडले तर माणूस कुठून येणार? किनवटहून, पुसदहून की थेट नांदेडहून? येण्या-जाण्याचे पैसे कोण देणार? ज्या कंपनीचा मेकॅनिक जवळ आहे, तिची वस्तू हजार रुपयांनी महाग असली तरी परवडते. पक्के बिल आणि शिक्का मारलेले वॉरंटी कार्ड घेतल्याशिवाय वस्तू उचलू नका. नव्या घरात अर्थिंग नीट आहे की नाही, हे वायरमनकडून आधीच तपासून घ्या.

शून्य टक्क्यांचा हिशेब

एक उदाहरण पाहू. फ्रिजची किंमत २४,००० रुपये, हप्ता २,००० प्रमाणे १२ महिने. व्याज शून्य. पण प्रक्रिया शुल्क ७०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८२६ रुपये. तोच फ्रिज रोख घेतला तर दुकानदार १,५०० रुपये सोडतो. रोखीने २२,५०० आणि हप्त्याने २४,८२६. फरक २,३२६ रुपयांचा. दरमहा कर्ज कमी होत जाते हे धरून हिशेब मांडला, तर हा दर वर्षाला १९ टक्क्यांच्या आसपास जातो. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, ते व्याज बहुधा प्रक्रिया शुल्काच्या आड लपवलेले असते. १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जांसाठी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणे बंधनकारक आहे. त्यात सर्व शुल्क धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. ते आपल्याला समजणाऱ्या भाषेत मागा, वाचा, मगच सही करा.

मग उधारीची खरेदीच नाजायज आहे का? तसे नाही. जिद्दा येथील इस्लामी फिकह अकादमीने १९९० च्या ठरावात सांगितले आहे की उधारीची किंमत रोखीपेक्षा जास्त ठेवता येते. मात्र सौदा करतानाच एक किंमत आणि मुदत पक्की व्हायला हवी. हप्ता चुकला म्हणून रक्कम वाढवणे हे व्याजच आहे. दुकानदाराशी थेट केलेली उधारी आणि फायनान्स कंपनीचे कर्ज यांतला फरक ओळखा. शंका असल्यास करारपत्र घेऊन आलिमांना दाखवा.

माहूरचे आणखी एक वास्तव आहे. रेणुकामातेचे मंदिर, दत्तशिखर, सोनापीर बाबांचा दर्गा यांमुळे इथे गर्दी होते आणि त्या गर्दीवर अनेकांची रोजी चालते. पण गर्दीचे महिने वेगळे, रिकामे महिने वेगळे. हप्ता मात्र दरमहा सारखाच असतो. तेव्हा हप्ता यात्रेच्या महिन्याच्या कमाईवर नव्हे, सर्वांत रिकाम्या महिन्याच्या कमाईवर ठरवा. त्यात बसत नसेल तर ती वस्तू आज आपली नाही.

दुसरे मार्ग

ओळखीच्या १२ घरांची २,००० रुपयांची भिशी लावली, तर प्रत्येकाला एकदा २४,००० एकरकमी मिळतात आणि रोखीची सूटही हाती येते. भिशी चिठ्ठीची असावी, बोलीची नको, कारण बोलीत गरजू माणूसच तोटा सोसतो. भाऊ किंवा दीर कर्ज-ए-हसना देत असेल तर संकोच न करता लिहून ठेवा. सूरह बकराच्या २८२व्या आयतीत कर्ज मुदतीसह लिहून ठेवण्याचा आणि साक्षीदार घेण्याचा आदेश आहे. त्याआधी २८०व्या आयतीत अडचणीतील कर्जदाराला सवलत देण्याची शिकवण आहे.

राहिला माहेरच्या फ्रिजचा प्रश्न. घर सजवून देणे ही मुलीच्या बापाची जबाबदारी नाही. पत्नीला निवारा आणि संसाराचे सामान देणे पतीकडे आहे. लग्नानंतर मागितलेली वस्तूही १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याखाली येऊ शकते. महरची रक्कम किंवा दागिनाही पत्नीचाच. तिने खुशीने दिला तर गोष्ट वेगळी, पण त्यासाठी तिच्यावर दबाव टाकू नये. सासूबाईंशी वाद न घालता हे पतीनेच त्यांना अदबीने समजावून सांगावे. आईचा मान राखून खरे बोलता येते.

थोडक्यात, आज मिक्सर रोखीने घ्या. फ्रिजसाठी भिशी लावा आणि तोवर पाण्याला माठ आहेच. एकाचे पैसे पूर्ण फिटले की मगच दुसऱ्याचा विचार करा. स्वयंपाकघर भरायला दोन वर्षे लागली तरी हरकत नाही. अल्लाह आपणा सर्वांच्या घरांत बरकत देवो.