काडतुसाची टंचाई आणि धानाची राखण

टंचाई आली की माणूस पर्याय शोधतो, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या पाठातले सूत्र आहे. गहू महागला की ज्वारी, गॅस परवडेनासा झाला की सरपण. अशा व्यवहारात पर्याय निकृष्ट निघाला, तर फार तर गैरसोय होते. परंतु काही वस्तूंच्या बाबतीत हेच सूत्र प्राणावर बेतते. बंदुकीची दारू ही त्यांपैकी एक होय.

2020 साली महामारीच्या काळात अमेरिकेत काडतुसांची मोठी टंचाई निर्माण झाली. तेथे स्वतःच्या वापरासाठी पिस्तुलाच्या रिकाम्या पुंगळ्या घरी पुन्हा भरण्याचा छंद कायद्याला मान्य आहे. नेहमीची दारू बाजारातून नाहीशी झाली की हाताशी असलेली दुसरी वापरण्याचा मोह स्वाभाविकच होतो. त्यावर दारू बनविणाऱ्या कंपन्यांचा इशारा ठाम असतो : प्रत्येक दारूचे कोष्टक स्वतंत्र आहे, एकीचे माप दुसरीला लावू नये. दिसायला सारख्या असलेल्या दोन दारूंचा जळण्याचा वेग भिन्न असतो आणि नळीतील दाब त्या वेगावर अवलंबून असतो. 1884 मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्येय यांनी धूरविरहित दारू तयार केल्यापासून तर ही तफावत फारच वाढली. काळ्या दारूसाठी घडविलेल्या नळीत ती भरली, तर नळी फुटून चालविणाऱ्याचाच हात वा डोळा जातो.

मूल तालुक्यातील धान पिकविणाऱ्या शेतकऱ्याला या अमेरिकन छंदाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. परंतु टंचाईतून घातक पर्यायाकडे जाणारी ही वाट आपल्या जंगलपट्टीतही जुनीच आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याने पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद केली. गडचिरोलीकडे तिलाच भरमार म्हणतात. मात्र परवाना मिळाला म्हणून राखण झाली, असे होत नाही. दारू अधिकृत विक्रेत्याकडूनच आणि ठरलेल्या मर्यादेतच घ्यावी लागते, व असा विक्रेता खेड्यात नसतो. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करून घेण्याची पद्धत आहे. 2014, 2019 आणि 2024 या तिन्ही वर्षी विधानसभेचे मतदान ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, म्हणजे नेमके धान निसवून कापणीला येण्याच्या दिवसांत झाले. शिवाय रानडुक्कर मारावयाचे तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये वन विभागाची परवानगी हवी. यातील प्रत्येक नियमाला सबळ कारण आहे, हे मान्यच करावे लागेल. परंतु या सर्वांची बेरीज शेतकऱ्याच्या पदरी काय टाकते? मचाणावरील जागल आणि सकाळी लोळविलेला बांधा.

मग पर्याय निघतात. विनापरवाना भरमार, घरी कुटलेली दारू, डुकराने चावताच फुटणारा गावठी बॉम्ब, कुंपणाच्या तारेत सोडलेली वीज. हे उपाय वरवर स्वस्त दिसतात. त्यांची खरी किंमत दुसराच कोणी तरी मोजतो. तारेला चिकटून या भागात वाघ मेले, तशी माणसेही मेली. स्फोटक गोळा डुक्कर आणि गाय यांत भेद करीत नाही. 2020 च्या मे महिन्यात केरळातील पलक्कड जिल्ह्यात स्फोटके भरलेल्या फळाने जबडा फाटून एक गाभण हत्तीण मेली, ती वार्ता देशभर गाजली. दारू कुटणाऱ्याचा धोका तर सर्वांत मोठा. शेजारच्या भंडारा जिल्ह्यात, जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत 24 जानेवारी 2025 रोजी स्फोट होऊन आठ कामगार मृत्युमुखी पडले. प्रशिक्षित कामगार आणि सुरक्षेचे कडक नियम असलेल्या ठिकाणी जी वस्तू दयामाया दाखवीत नाही, ती झोपडीतील चुलीजवळ काय करील?

यावर दोन उत्तरे तत्परतेने दिली जातात. एक, बंदुका जप्त करा. दुसरे, दारू व काडतुसे मुबलक द्या. दोन्ही अपुरी आहेत. अर्थशास्त्रात जिला परोक्ष मागणी म्हणतात, तशी शेतकऱ्याची दारूची मागणी आहे. त्याला दारू नको आहे, धान सुरक्षित हवे आहे. दारूला पर्याय नाही हे खरे. पण दारूने केलेल्या राखणीला पर्याय आहेत आणि ते पुरविणे हे शासनाचे काम आहे. गडचिरोलीतील अनेक गावकऱ्यांनी अलीकडच्या वर्षांत भरमार बंदुका आपणहून पोलिसांच्या स्वाधीन केल्या. त्यांच्या शेताची राखण पुढे कोणी करावयाची, याचे उत्तरही त्याच वेळी मिळावयास हवे होते.

सौर कुंपणासाठी अनुदानाची योजना आहे. परंतु एकट्याने कुंपण घातले की डुकरांचा कळप शेजाऱ्याच्या बांधात शिरतो. एकाचा लाभ दुसऱ्याची हानी ठरते. म्हणून अनुदान व्यक्तीऐवजी संपूर्ण शिवाराला, ग्रामसभेच्या देखरेखीखाली द्यावे. खरीप 2026 पासून वन्यप्राण्यांनी केलेल्या नुकसानीला पीकविम्याचे संरक्षण देण्याचे केंद्र सरकारने नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर केले. हे पाऊल स्वागतार्ह आहे. मात्र नुकसानीची माहिती 72 तासांच्या आत छायाचित्रासह मोबाइलवरून द्यावयाची आहे, आणि जंगलाकाठच्या कित्येक शिवारांत मोबाइलला धड संपर्क मिळत नाही. तेथे कृषी सहायकाने वा ग्रामपंचायतीने लेखी घेतलेली नोंद ग्राह्य धरली पाहिजे. आणि निवडणुकीसाठी बंदूक जमा करून घेणाऱ्या प्रशासनाने तेवढ्या आठवड्यांपुरती वन विभागाची रात्रीची गस्त त्या शिवारात वाढवावी.

वाघाचे जंगल राखण्यात साऱ्या देशाचे हित आहे. त्याचा खर्च मात्र आज दोन-तीन एकरांच्या धान उत्पादकाच्या माथी पडतो. हा भार देशाने उचलला नाही, तर टंचाईतला माणूस आपला पर्याय स्वतः शोधील. तो पर्याय कोणता असतो, हे आपण पाहिलेच आहे.