आधी नोंद, मग उपाय : घरच्या सर्व्हरने मला शिकवलेला धडा



वर्गात आपण मुलांना नेहमी सांगतो, "गणित चुकलं तर लगेच पुसू नका, कुठं चुकलं ते आधी बघा." पण स्वतःवर वेळ येते तेव्हा आपण काय करतो? मी तर सरळ खोडरबरच हातात घेतला!

झालं असं, की माझ्या वर्गातल्या मुलांच्या वाचनाची पाच वर्षांची रेकॉर्डिंग, वह्यांचे फोटो, स्वाध्यायपत्रिका हे सगळं फोनमध्ये मावेना. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत सुटे भाग आणून घरीच एक छोटा सर्व्हर जोडला. प्रोसेसर जुना घेतला, २०१७ सालचा पहिल्या पिढीतला रायझन. बाकी मदरबोर्ड, पॉवर सप्लाय, १६ जीबी रॅम आणि दोन हार्ड डिस्क नव्या. त्यावर डेबियन लिनक्स टाकलं. सगळं सुरू झालं तेव्हा इतका आनंद झाला, की फोनमधल्या फाइली मी पुसूनच टाकल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर पंखा फिरतोय, दिवा लागलाय, पण यंत्र मुकं. बटण दाबून धरून बंद केलं, परत सुरू केलं. दोन दिवसांनी पुन्हा तेच. एकदा सुरू होताना डिस्कची तपासणी चालू झाली आणि पोटात गोळा आला. आता चौथीत असलेल्या मुलाचं पहिलीतलं अडखळतं वाचन पुन्हा कुठून आणणार?

मग सल्ले सुरू झाले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, रॅम बदला." शेजारचे दादा म्हणाले, "फॉरमॅट मारा." मला स्वतःला वाटलं, विजेचा घोटाळा असेल. एकाच रविवारी मी यूपीएस आणला, जास्तीचा पंखा बसवला आणि रॅमचा वेगही ३२०० वरून २१३३ केला. चार दिवस सुरळीत गेले. पाचव्या दिवशी पुन्हा बंद! पैसे गेले आणि तीन गोष्टींपैकी कशाचा काय परिणाम झाला, तेही कळेना.

तेव्हा कुठे मी वही काढली. प्रत्येक वेळी तारीख, वेळ आणि त्या वेळी यंत्र काय करत होतं, एवढंच लिहायचं ठरवलं. आधी सगळ्या फाइलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून कपाटात ठेवली. दोन डिस्कवर एकच माहिती एकाच वेळी आपोआप लिहिली जात असली तरी ती बॅकअप नसते, कारण एका ठिकाणी पुसलेली फाइल दुसरीकडूनही जाते. मग एकेक तपासणी केली :

१. रात्रभर मेमटेस्ट चालवली. रॅममध्ये एकही चूक नाही.
२. प्रोसेसरचं तापमान पाहिलं. काम चालू असतानाही मर्यादेतच.
३. बंद पडण्याआधीच्या लिनक्सच्या नोंदी वाचल्या. शेवटची ओळ अगदी साधी, पुढे काहीच नाही. म्हणजे यंत्र रीतसर बंद झालं नव्हतं, जागीच गोठलं होतं.

खरं उत्तर मात्र वहीत होतं. पहाटे अडीच, पहाटे चार, रविवारची दुपार. फाइली कॉपी होत असताना एकदाही नाही! सर्व्हर काम करताना नव्हे, तर रिकामा असताना पडत होता. एवढं कळल्यावर शोधायचं काय ते कळलं. पहिल्या पिढीतले काही रायझन लिनक्सवर निवांत असताना गोठतात, ही जुनी तक्रार आहे. अशा वेळी चिप गाढ झोपेत जाते आणि फारच कमी वीज ओढते. बायोसमध्ये 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' नावाचा पर्याय असतो. तो 'टिपिकल करंट आयडल'वर ठेवला. दुसरं काहीही बदललं नाही. तीन आठवडे सर्व्हर अखंड चालला. खात्री करायला पर्याय पूर्ववत केला, तर दुसऱ्याच रात्री बंद! परत बदलला, तेव्हापासून दोन महिने सुरळीत.

माझं स्पष्ट मत आहे, की आपल्याला कारणापेक्षा उपायाची घाई जास्त असते. भागाकार चुकणाऱ्या मुलाला आपण आणखी वीस भागाकार देतो, क्लास लावायला सांगतो. वही नीट पाहिली तर कळतं, की भागाकाराची रीत त्याला येते, हातच्याची वजाबाकी तेवढी चुकतेय. वीस गणितांनी ते सुधारणार नाही.

"एवढा वेळ कुणाकडे आहे?" असं कुणी म्हणेल. पण यूपीएस, पंखा आणि तो अख्खा रविवार यांचा हिशेब केला, तर नोंदीला लागलेला वेळ कितीतरी कमी भरतो. रोज फक्त दोन ओळी लिहायच्या होत्या.

आता सर्व्हरशेजारी ती वही कायम असते आणि वर्गातही तशीच एक ठेवली आहे. मुलाचं नाव, गणित आणि नेमकी कुठली पायरी चुकली ते त्यात लिहिते. उपाय एका वेळी एकच करते, आणि त्याने फरक पडला का, हे पाहूनच पुढचा.