डबी ठेवायची कुठे?

“फुकट मिळतात, तरी मेले गिळत नाहीत!” एचआयव्ही झालेल्यांविषयीचे हे उद्गार परवा आमच्या घोडपदेवातल्याच एका सुशिक्षित गृहस्थांनी काढले, आणि माझे तोंड कडू झाले.

१ एप्रिल २००४ पासून सरकार ही औषधे विनामूल्य देते; आपले जे. जे. रुग्णालय तर पहिल्या केंद्रांपैकी एक. आज बहुतेकांना दिवसाकाठी एकच गोळी पुरते. ती नेमाने घेतली तर विषाणू तपासणीत दिसेनासा होतो, संबंधातून जोडीदाराला लागणही होत नाही. वरचेवर चुकली तर तो औषधाला जुमानत नाही. सारे कबूल!

पण महाशय, दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसे. तिथे ती डबी ठेवायची कुठे? माझा एक जुना विद्यार्थी (कोण, ते विचारू नका) डबीवरचा कागद खरवडून काढी आणि गोळ्या खुळखुळू नयेत म्हणून आत कापूस कोंबी. आई विचारी, “कसली रे गोळी?” तो म्हणे, “पित्ताची.” गणपतीला गावी गेला, तेव्हा डबी मुंबईतच राहिली; तिकडे एका पडवीत बारा अंथरुणे! शिवाय केंद्रावर जायचे म्हणजे त्या दिवसाचा रोज बुडतो.

अशांशी भेदभाव करू नये असा कायदा २०१७ साली झाला. उत्तम झाले. पण शेजारणीच्या नजरेला कोणते कलम लावणार?

त्या गृहस्थांकडे तो दिवाळीच्या फराळाला जातो की नाही, हे मी सांगणार नाही. कळल्यावर त्याचे ताट मांडाल का, हे मात्र त्यांनी सांगावे.