मृत्युदराचे जिल्हे आणि तालुके

जिल्ह्यांचे मृत्युदर शेजारीशेजारी मांडून त्यांची गुणानुक्रमे यादी लावण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो आवरलेला बरा. दर हजारी मृत्युदरात आरोग्याइतकेच लोकसंख्येचे वयोमानही दडलेले असते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील तरुण पिढ्यान्‌पिढ्या मुंबईची वाट धरीत आले. मागे वृद्ध राहिले. तेथे दर अधिक दिसला, म्हणून कोकण रोगट ठरत नाही.

दुसरी गफलत नोंदणीची. १९६९ च्या कायद्यानुसार मृत्यू जेथे घडतो, तेथेच तो नोंदविला जातो. लासूर स्टेशनच्या पंचक्रोशीतील अत्यवस्थ रुग्ण छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात दगावला, तर तो मृत्यू शहराच्या खाती पडतो आणि गंगापूर तालुका कागदोपत्री निरोगी राहतो! वस्तुतः मृताच्या राहत्या गावाचा रकाना नोंदणीच्या अर्जातच असतो. त्यावरून वयोगटांसह तालुकावार तक्ते दरवर्षी प्रसिद्ध करणे मुळीच अवघड नाही.

ही केवळ हिशेबनिसाची हौस नव्हे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावोगावचे बालमृत्यू आधी मोजले, मग गावातल्याच स्त्रियांना नवजातांच्या शुश्रूषेचे शिक्षण दिले. ३९ गावांतील नवजात-मृत्युदर निम्म्याहून खाली आल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केले. जिल्ह्याच्या सरासरीवर विसंबून हे साधले नसते. आमच्या जिल्हा नियोजन समितीनेही आरोग्याचा निधी वाटण्यापूर्वी गंगापूर, वैजापूर, कन्नड यांचे निरनिराळे आकडे मागवावेत. शहराचा आकडा त्यांत मिसळू नये.